सागवान कोरणारं यंत्र आणि नकाशा नसलेलं कार्ड

आलापल्लीचं नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुरलेल्या सुतारापुढे काढलं की तो लाकडाबद्दल बोलू लागतो. मध्य प्रांत, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, जाऊन कित्येक दशकं लोटली, तरी लाकूडबाजारात 'सीपी टीक' हे नाव अजून चालतं आणि भावही खातं. त्या नावामागचं बरंच लाकूड गडचिरोली जिल्ह्याच्या या अहेरी तालुक्यातल्या जंगलांतलं. गावापासून भामरागडच्या वाटेवर 'वनवैभव' नावाचा सहा हेक्टरांचा जुना राखीव तुकडा आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झालं, ते बहुतेकांना आठवत असेल.

लाकूड इथून जातं, पण कोरलं कसं जातं हे मात्र गेल्या काही वर्षांत पार बदललं. देव्हाऱ्याची महिरप, दिवाणाची पाठ, दारावरचा गणपती ही कामं आता जिल्ह्या-जिल्ह्यांत सीएनसी राउटरवर होतात. पटाशी आणि कोरणी शेवटच्या सफाईला लागते, एवढंच. मोठ्या टेबलावर फळी बांधायची, डिझाइन चढवायचं आणि फिरतं पातं उभं-आडवं-खाली-वर नेणाऱ्या तीन दिशांच्या मोटरींवर सगळं सोडून द्यायचं. त्या मोटरी बहुधा स्टेपर जातीच्या असतात. आणि असं यंत्र आलापल्लीसारख्या ठिकाणी बंद पडलं की खरी गंमत सुरू होते. चंद्रपूर शंभराहून अधिक किलोमीटर, नागपूर त्याच्या दुपटीहून लांब. मोटरीला वीज देणारा ड्रायव्हर जळाला, तर नवा ड्रायव्हर कुरियरने चार-पाच दिवसांत येतो, पण तो जुन्यासारखा नसतो. आणि ज्या कंट्रोल कार्डाला तो जोडायचा त्याचा नकाशा कुणाकडेच नसतो. यंत्र विकणारा फोन उचलत नाही, उचललाच तर 'लाल वायर लालला, काळी काळीला' एवढंच सांगतो.

अशा वेळी दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, 'लावून तर बघू' म्हणणारी, आणि दुसरी, नकाशा मिळाल्याशिवाय हात न लावणारी. पहिल्यांची कार्डं जळतात, दुसऱ्यांची यंत्रं महिनोन्‌महिने धूळ खातात. माझं म्हणणं असं, की कार्डाचा सगळा नकाशा कळायची गरजच नाही. दोनच गोष्टी कळल्या की पुरे: ते कार्ड आपल्या टोकातून विजेचा प्रवाह बाहेर ढकलू शकतं की आत ओढून घेऊ शकतं, आणि किती व्होल्टवर. या दोन प्रश्नांची उत्तरं साध्या मल्टिमीटरने आणि दोन-चार रुपयांच्या रेझिस्टरने मिळतात.

हे पटायला आधी समोरचं टोक, म्हणजे ड्रायव्हर, समजून घेऊ.

स्टेपर मोटर साध्या मोटरीसारखी भन्नाट फिरत नाही, ती पावलं टाकते. १९२०च्या दशकात ब्रिटिश युद्धनौकांवर तोफा आणि टॉर्पेडोनळ्यांची दिशा दूरवरच्या तबकडीवर दाखवायला अशा मोटरी वापरात होत्या. आज राउटरवर दिसते ती जात चुंबक आणि दातेरी लोखंड यांचा संकर आहे. तिच्या फिरत्या भागाला पन्नास दाते असतात. बाहेरच्या गुंडाळ्यांतून प्रवाहाचं चक्र चार टप्प्यांत पूर्ण झालं की मोटर एक दात पुढे सरकते. पन्नास गुणिले चार, म्हणजे एका फेऱ्याला २०० पावलं, प्रत्येक पाऊल १.८ अंशांचं. ड्रायव्हर प्रवाह हळूहळू कमीजास्त करून त्या प्रत्येक पावलाचेही तुकडे पाडतो. आठ तुकडे पाडले तर एका फेऱ्याला १६०० सूक्ष्म पावलं. मोटरीला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एक मिलिमीटरला ३२० पावलं. कोरीव कामाला एवढं बारीक माप पुरून उरतं.

आता ही पावलं कोण मोजतं? कंट्रोल कार्ड. आणि उचलतं कोण? ड्रायव्हर. लाकूडडेपोत मुकादम ओंडक्याला हात लावत नाही, तो नुसता 'हं, अजून एक… आता इकडं' असं ओरडतो आणि जोर मजुरांचा असतो. कार्डही तेवढंच करतं. एका वायरीवरून 'एक पाऊल' हा ठोका, म्हणजे पल्स. दुसऱ्या वायरीवरून 'या बाजूला' किंवा 'त्या बाजूला', म्हणजे डायरेक्शन. तिसरी वायर एनेबलची, मोटर धरून ठेव की मोकळी सोड हे सांगणारी. बाकीचा सगळा अँपियरांचा आणि चाळीस-पन्नास व्होल्टांचा पसारा ड्रायव्हरच्या पोटात.

ड्रायव्हरच्या डब्यावर म्हणून सहा स्क्रू दिसतात: पीयूएल अधिक-उणे, डीआयआर अधिक-उणे, ईएनए अधिक-उणे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सहा वेगवेगळे सिग्नल आहेत. नाहीत. त्या तीन जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीच्या आत आहे एक इवलासा एलईडी. होय, रिमोटच्या टोकाला असतो तसाच, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा. तो एका काळ्या चिपमध्ये बंद असतो आणि त्याच्या समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. एलईडी लागला की ट्रान्झिस्टर चालू. या जोडीला ऑप्टोकपलर म्हणतात. दोहोंमध्ये तार नाही, फक्त उजेड जातो. म्हणूनच ड्रायव्हरकडे पन्नास व्होल्टांचा गोंधळ झाला तरी तो सहसा कार्डापर्यंत पोचत नाही.

एकदा हे कळलं की प्रश्न निम्मा हलका होतो. आपल्याला 'सिग्नल जोडायचा' नाही, आपल्याला एक एलईडी पेटवायचा आणि विझवायचा आहे. एलईडीवर सुमारे १.२ ते १.५ व्होल्ट पडतात. त्याच्या जोडीला डब्यातच एक रेझिस्टर असतो, बऱ्याच ड्रायव्हरांत २७० ओहमच्या आसपास. पाच व्होल्ट दिले की हिशोब असा: ५ वजा १.३, भागिले २७०, म्हणजे साधारण १४ मिलिअँपियर. एलईडी खूश. हेच २४ व्होल्ट थेट दिले तर ८४ मिलिअँपियर, आणि त्या बारक्या रेझिस्टरवर जवळजवळ दोन वॅट उष्णता. तो काही क्षणांत काळा पडतो आणि एलईडीला घेऊन जातो. बाहेरून २ किलोओहमचा रेझिस्टर घातला की प्रवाह १० मिलिअँपियरवर येतो. '२४ व्होल्टला २के लावा' हा मंत्र पुष्कळ कारागिरांना पाठ असतो, त्यामागचं गणित एवढंच. रेझिस्टर मात्र अर्ध्या वॅटचा घ्यावा. पाव वॅटचा चालतो, पण त्यावर सुमारे ०.२ वॅट जिरत असल्यानं तो चांगलाच तापतो, आणि गडचिरोलीतल्या मे महिन्यात पत्र्याच्या पॅनेलमध्ये आणखी ताप नको. नव्या पिढीचे काही ड्रायव्हर ५ आणि २४ दोन्ही व्होल्ट सोसतात, काहींना त्यासाठी छोटा स्विच असतो. डब्यावरची बारीक अक्षरं वाचणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो.

आता कार्डाकडे.

एलईडी पेटवायचे दोन मार्ग. अधिक टोक कायमचं पाच व्होल्टला बांधून टाकायचं आणि कार्डानं उणे टोक जमिनीला ओढायचं. किंवा उणे टोक कायमचं जमिनीला बांधायचं आणि कार्डानं अधिक टोकावर व्होल्ट ढकलायचे. जमीन म्हणजे इथे मातीतलं अर्थिंग नव्हे, सर्किटचं शून्य, ज्याला सगळे 'ग्राउंड' म्हणतात. पहिल्या जोडणीत प्रवाह कार्डाच्या आत जातो, दुसरीत कार्डातून बाहेर येतो. काही कार्डं दोन्ही करू शकतात. काही फक्त ओढतात, त्यांना ढकलायला लावलं तर मोटर ढिम्म हलत नाही. आणि माणूस म्हणतो, 'ड्रायव्हर पण खराबच आला.'

कुठलं कार्ड काय करतं, हे पुष्कळदा टोकांच्या जवळच्या चिपवर लिहिलेलं असतं. अक्षरं पुसट असतात. टॉर्च तिरपा धरून मोबाइलनं फोटो काढला आणि मोठा करून पाहिला की वाचता येतात. यूएलएन२००३ असेल तर प्रश्नच मिटला: ती चिप फक्त ओढते, ढकलत नाही. ७४ने सुरू होणारा आणि २४४ किंवा २४५ने संपणारा वीस पायांचा आकडा असेल तर ती दोन्ही बाजूंनी काम करते, बहुधा ५ व्होल्टवर. २६एलएस३१ असेल तर प्रत्येक सिग्नलच्या दोन वायरी निघतात, एक वर गेली की दुसरी खाली. त्या सरळ अधिकला आणि उणेला जोडायच्या, ग्राउंड मध्ये आणायचंच नाही. चार पायांच्या काळ्या चिपांची रांग दिसली तर कार्डानं आपल्याही बाजूला ऑप्टोकपलर लावले आहेत, म्हणजे त्या टोकांना बाहेरून वेगळी वीज पुरवावी लागेल.

चिप वाचताच आली नाही, किंवा विक्रेत्यानं आकडे खरवडून टाकले असतील (हे फार दिसतं, आणि मला ते अत्यंत कोतेपणाचं वाटतं), तर मोजमाप हाच रस्ता. त्याचा क्रम महत्त्वाचा. ज्या मोजणीत चूक झाली तरी काही जळणार नाही ती आधी.

वीज पूर्ण बंद. राउटरच्या पॅनेलमध्ये पातं फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडीही असतो आणि त्याच्या कपॅसिटरांत बंद केल्यावरही काही मिनिटं तीनशेहून अधिक व्होल्ट साठून राहतात. त्यावरचा दिवा विझेपर्यंत पॅनेलमध्ये हात घालू नये. मल्टिमीटरची लाल वायर दहा अँपियरच्या भोकात राहिली नाही ना, तेही बघून घ्यावं. त्या भोकातून व्होल्ट मोजायला गेलं की मीटर म्हणजे नुसती तार होते आणि जिथं टेकवाल तिथं शॉर्ट. मग बीपवर ठेवून ग्राउंड शोधायचं. कार्डाला वीज येते त्या जागेचं उणे टोक, उभ्या गोल कपॅसिटरवरच्या पट्ट्याकडचा पाय, ७८०५ रेग्युलेटर असेल तर त्याची धातूची पाठ: हे तिन्ही सहसा एकच ग्राउंड. सिग्नलच्या कनेक्टरवरचं कुठलं टोक त्यांच्याशी बीप देतं ते लिहून ठेवायचं. एकही देत नसेल, तर कार्डाची आउटपुट बाजू ऑप्टोकपलरनं वेगळी केलेली आहे, म्हणजे वर सांगितलेली बाहेरच्या विजेची भानगड.

मग ड्रायव्हर न जोडता कार्डाला वीज द्यायची आणि डायरेक्शनचं टोक ग्राउंडच्या तुलनेत मोजायचं. इथे एक गोष्ट पुष्कळ लोक उलटी करतात. ते आधी पल्सची वायर तपासायला जातात, कारण मोटर तिच्यामुळे हलते. पण पल्स मायक्रोसेकंदांत येऊन जाते, मल्टिमीटर तिची सरासरी काढतो आणि पडद्यावर शून्याच्या जवळपासचा काहीतरी अर्थहीन आकडा दाखवतो. डायरेक्शनची वायर तशी नाही. यंत्राला उजवीकडे जा म्हटलं की ती एका स्थितीत जाते आणि डावीकडे जा म्हणेपर्यंत तिथेच बसते. ती निवांत मोजता येते. आणि एकाच कार्डावर पल्स आणि डायरेक्शनची टोकं जवळपास नेहमी एकाच तऱ्हेची असतात. म्हणून चौकशी डायरेक्शनची करायची आणि उत्तर पल्सला लावायचं.

चौकशीचं साधन म्हणजे १० किलोओहमचा एक रेझिस्टर. डायरेक्शनच्या टोकाला तो लावून त्याचं दुसरं टोक एकदा कार्डाच्याच ५ व्होल्टला टेकवायचं, एकदा ग्राउंडला, आणि दोन्ही वेळा टोकावरचे व्होल्ट बघायचे. मग यंत्राला उलट दिशा द्यायची आणि पुन्हा तेच. चार आकडे मिळतात. टोक रेझिस्टरला जुमानतच नसेल, म्हणजे एका दिशेला दोन्ही वेळा पाच आणि दुसऱ्या दिशेला दोन्ही वेळा शून्य, तर कार्ड ढकलतं आणि ओढतंही. एका दिशेला पक्कं शून्य, पण दुसऱ्या दिशेला रेझिस्टर जिकडे तिकडे टोक, तर कार्ड फक्त ओढतं, नाहीतर हात सोडून देतं. याच्या उलट, एका दिशेला पक्के पाच किंवा चोवीस आणि दुसऱ्या दिशेला टोक वाऱ्यावर, तर ते फक्त ढकलणारं. १० किलोओहमच का? कारण टोकावर अगदी २४ व्होल्ट असले आणि आपण ते ग्राउंडला टेकवलं, तरी अडीच मिलिअँपियरही वाहत नाहीत.

एक फसवी स्थिती मात्र आहे. ओढणाऱ्या टोकावर कार्ड बनवणाऱ्यानंच आतून पाच व्होल्टकडे एखादा रेझिस्टर लावून ठेवलेला असतो. मीटर लावला की ते टोक ऐटीत पाच व्होल्ट दाखवतं. पण त्याच्यावर एलईडी लादला की मान टाकतं, कारण त्या पाच व्होल्टांच्या मागे जोर नाही. १० किलोओहम ग्राउंडला लावल्यावर आकडा साडेतीनच्या आसपास उतरला, तर हीच भानगड समजायची. अशा कार्डाकडून ओढूनच घ्यायचं काम करून घ्यावं.

शेवटची परीक्षा खऱ्याखुऱ्या एलईडीची. लाल एलईडी आणि ४७० ओहम, २४ व्होल्ट असतील तर २.२ किलोओहम. आधी ५ व्होल्ट आणि टोक यांच्यामध्ये, मग टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये. दिशा बदलल्यावर जिथे तो स्वच्छ पेटतो आणि स्वच्छ विझतो, त्याच पद्धतीनं ड्रायव्हर जोडायचा. ड्रायव्हरच्या पोटातला एलईडी याच्याहून वेगळा वागणार नाही.

आता जोडणी. चारच वायरी. एनेबलला हातही लावू नये. बहुतेक ड्रायव्हर एनेबल रिकामा असला की मोटर धरूनच ठेवतात, आणि एनेबल उलटा लागल्यामुळे 'मोटर मेली' असा निष्कर्ष काढणारे मी बरेच पाहिले आहेत. आणखी एक सवय सोडावी लागते: मोटरीच्या वीजपुरवठ्याचं उणे आणि कार्डाचं ग्राउंड 'असू दे म्हणून' एकत्र बांधायची. ऑप्टोकपलर ज्यासाठी बसवला तेच आपण एका तारेनं रद्द करतो. अपवाद आहे तो तळहातावर मावणाऱ्या ए४९८८सारख्या उघड्या लहान बोर्डांचा. त्यांत ऑप्टोकपलर नसतो, तिथे ग्राउंड एकत्र बांधावंच लागतं. पण सागवानी दार कोरणाऱ्या राउटरवर ते कुणी लावत नाही, निदान लावू नये.

मोटरीकडच्या वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगांवर विश्वास नको. चार वायरी असतील तर बीपवर दोन जोड्या सापडतात, प्रत्येक जोडी म्हणजे एक गुंडाळी. मीटर हाताशी नसेल तर कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकींना चिकटवून शाफ्ट बोटांनी फिरवायचा. तो एकदम जड झाला तर त्या दोन एकाच गुंडाळीच्या. सहा वायरी असतील तर प्रत्येक गुंडाळीला मधून एक फाटा आहे. टोकापासून टोकापर्यंत जेवढे ओहम, त्याच्या निम्मे फाट्यापर्यंत. तो फाटा मोकळा सोडून टेप लावायची. एका जोडीतल्या वायरी उलट्या लागल्या तर मोटर उलटी फिरते, एवढंच, त्यानं काही बिघडत नाही. पण एका गुंडाळीची वायर दुसरीच्या जागी गेली तर मोटर नुसती थरथरते आणि गुरगुरते. चालू ड्रायव्हरची मोटर मात्र कधीही काढू नये. गुंडाळीतला प्रवाह अचानक तुटला की तो उसळी मारतो आणि ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरांचा जीव घेतो. जळालेले पुष्कळ ड्रायव्हर विजेच्या चढउतारानं नव्हे, तर 'जरा वायर हलवून बघू'नं गेलेले असतात.

मोटर फिरली, दिशा बरोबर, दहा मिलिमीटर सांगितले तर दहाच सरकली. काम झालं? अजून एक दगा शिल्लक आहे, आणि तो फार चिवट असतो. पहिलं फूल सुरेख कोरलं जातं, दहावं थोडं सरकलेलं, आणि तासाभरानं डिझाइनची एक बाजू दुसरीपासून दोन-तीन मिलिमीटर हललेली. सुतार फळी सैल होती म्हणतो, मिस्त्री कपलिंग घट्ट करतो, कुणी स्क्रूला तेल देतं. कारण असतं पल्सच्या वायरीत.

ड्रायव्हर पाऊल टाकतो ते पल्सच्या एका कडेवर, एलईडी विझलेल्यातून पेटतो त्या क्षणी. कार्डाची अपेक्षा अशी असते: आधी दिशा ठरव, क्षणभर थांब, मग पल्स. जोडणी उलट्या ध्रुवाची झाली, म्हणजे विश्रांतीतच एलईडी पेटलेला राहिला, तर ड्रायव्हर पल्सच्या सुरुवातीला नाही, शेवटाला पाऊल टाकतो. सरळ रेषेत काही फरक पडत नाही. पण दिशा बदलताना कार्ड पल्स संपता-संपताच नवी दिशा लिहितं, आणि आधीच्या रांगेतलं शेवटचं पाऊल नव्या दिशेला पडतं. जाताना आणि येताना दोन्हीकडे हीच चूक झाली असती तर ती एकमेकींना खाऊन टाकली असती. तसं होत नाही. बरेच ऑप्टोकपलर पेटल्यावर झटकन जागे होतात, पण विझल्यावर झोपायला वेळ घेतात, म्हणून चूक एकाच बाजूच्या वळणावर होते आणि साठत जाते. वर काढलेल्या हिशोबानं एक सूक्ष्म पाऊल ०.००३ मिलिमीटरचं. हजार वेळा मागेपुढे झालं आणि दर खेपेला एकच पाऊल हुकलं तरी ३ मिलिमीटर. वेलबुट्टीत दिशा किती हजार वेळा बदलते ते मोजायला नको.

ओळखायचं कसं? पातं काढून टाकायचं, टोकाला पेन्सिल बांधायची आणि यंत्राला लहानशी रेघ शेकडो वेळा पुढेमागे काढायला लावायची. रेघ एका बाजूला सरकत गेली तर ध्रुव तपासा. कार्डाच्या सेटिंगमध्ये पल्स उलटवायची सोय असली तर ती बदला, नसली तर जोडणी बदला. शिवाय डायरेक्शन आणि पल्स यांच्यामध्ये किमान पाच मायक्रोसेकंद ठेवायला बहुतेक ड्रायव्हर सांगतात, ते दहा केलेले बरे. रेघ कुठल्याही बाजूला, कधीही उडत असेल तर मात्र कारण वेगळं, बहुधा व्हीएफडीचा गोंगाट. सिग्नलच्या वायरी स्पिंडलच्या केबलपासून दूर न्याव्या, जाळी असलेली केबल वापरावी आणि ती जाळी एकाच टोकाला अर्थ करावी. दोन्ही टोकांना केली तर जाळीतूनच प्रवाह फिरू लागतो. आणि हळू चालताना ठीक, वेगात चुकतं, असं असेल तर रेझिस्टर जरुरीपेक्षा मोठा बसला आहे का ते बघावं. एलईडीला अपुरा प्रवाह मिळाला की पल्सच्या कडा बोथट होतात आणि वेगात एकमेकींत मिसळतात.

एवढं सगळं करूनही काही कार्डं तोंड उघडत नाहीत. कुणाच्या टोकांवर पल्स-डायरेक्शन नसतंच, ती ड्रायव्हरशी स्वतःच्या गुप्त भाषेत आकड्यांनी बोलतात. कुणाचा अर्धा भाग जळून गेलेला असतो. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नाही, कार्डच बदलावं, आणि नवं कार्ड स्वतःही जुळवता येतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली उभारलेल्या संस्थेत, २००२ पासून फॅब लॅब आहे. खेड्यातल्या मुलांनी स्वतः यंत्रं जुळवावीत हाच तिथला धडा. जगभरच्या अशा कार्यशाळांतून अशी यंत्रं चालवणारं जीआरबीएल नावाचं फुकट सॉफ्टवेअर पसरलं आहे. ते आर्डुइनो उनोच्या स्वस्त बोर्डावर चालतं. त्याची टोकं कुठली, किती व्होल्टची, ढकलतात की ओढतात, हे सगळं उघड आहे: पाच व्होल्ट, दोन्ही करतात, आणि ड्रायव्हरचा एलईडी पेटवायला पुरेसा जोर आहे.

अडचण एकच, वेगाची. उनोवर ते सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० च्या आसपास पल्स देतं. आपल्या यंत्राला मिनिटाला सहा मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर पळवायचं तर मिलिमीटरला ३२० या हिशोबानं ३२,००० लागतात. मग ड्रायव्हरवरचे छोटे स्विच हलवून पावलाचे आठऐवजी चार तुकडे करायचे, सॉफ्टवेअरमध्ये ३२० च्या जागी १६० लिहायचे, आणि गरज १६,००० वर येते. मिलिमीटरचा एकशेसाठावा भाग सागवानाच्या रेषेहून कितीतरी बारीक आहे, त्यामुळे नक्षीत काही उणं पडत नाही. जुन्या कार्डासाठी बनवलेल्या फायली मात्र साध्या जी-कोडमध्ये, म्हणजे यंत्राच्या हालचालींच्या आज्ञांत, पुन्हा काढून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी मूळ डिझाइन कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये शिल्लक असावं लागतं.